लिंबाच्या पानावरची चंदेरी नागमोडी रेघ: पानं पोखरणारा पतंग घरच्या झाडावर कसा बघायचा, कसा नोंदवायचा

लिंबाला, मोसंबीला, संत्र्याला नवती फुटते आणि आठ-दहा दिवसांत त्या कोवळ्या पानांवर चंदेरी नागमोडी रेघा उमटतात, पानं आखडतात, कडेनं गुंडाळायला लागतात, आणि मग माणूस घाबरून थेट कृषी सेवा केंद्रात जाऊन उभा राहतो, काहीतरी द्या म्हणून. औषध घेण्याला माझा विरोध नाही, पण त्याच्या आधी एक काम कराच. एक नवती पूर्ण, म्हणजे डोळा फुटल्यापासून पान टणक होईपर्यंत, रोज दोन मिनिटं झाडाजवळ उभं राहून बघा. ह्या किड्याचं सगळं आयुष्य नवतीच्या वेळापत्रकावर चालतं, ते वेळापत्रक एकदा डोळ्यांना कळलं की कधी हात चालवायचा आणि कधी नुसतं थांबायचं हे दुसऱ्या कोणी सांगावं लागत नाही.

किडा कोणता ते आधी. लिंबूवर्गीय झाडांवर रेघा ओढणारी ही अळी एका पतंगाची आहे, शास्त्रीय नाव फायलोक्निस्टिस सिट्रेला, कुळ ग्रॅसिलॅरिडी, ह्या कुळातल्या बहुतेक अळ्या पानाच्या आतच लहानाच्या मोठ्या होतात. पतंग म्हटल्यावर दिव्याभोवती फिरणारा जाडजूड किडा डोळ्यासमोर येतो, पण हा बसलेला असताना जेमतेम २ मिमी लांब, पंख पसरले तरी ४ मिमीच्या आसपास. रंग चकचकीत पांढरा, पुढच्या पंखांवर बारीक करड्या-पिवळसर रेषा आणि पंखाच्या टोकाला एक काळा ठिपका. हा ठिपका लक्षात ठेवा, ओळख पटवायला तोच उपयोगी पडतो.

गोंधळ इथं होतो की टोमॅटो, काकडी, वालाच्या पानांवर पण अशाच रेघा असतात आणि त्यालाही आपल्याकडे नागअळीच म्हणतात, पण ती माशीची अळी, लिरिओमायझा जातीची, पतंगाशी तिचा काही संबंध नाही. तिचे बहुतेक कोष पानातून बाहेर पडून जमिनीवर होतात, आपल्या लिंबावरच्या अळीचा कोष पानाच्या कडेलाच होतो, फरक ओळखायला एवढं पुरे. भुईमूग आणि सोयाबीनच्या पानात शिरणारी अळी पतंगाची, पण वेगळ्या जातीची. टोमॅटोवरची टुटा अ‍ॅब्सोल्युटा पण पतंगच, ती मूळची दक्षिण अमेरिकेतली आणि भारतात पहिल्यांदा नोंदली गेली ती २०१४ मध्ये आपल्या पुण्याकडे. कोकणात आणि गोव्यात काजूच्या कोवळ्या पानांवर फोड आल्यासारखे पांढरट डाग दिसतात ती अ‍ॅक्रोसर्कोप्स सिन्ग्रॅमा, लिंबावरच्या पतंगाच्याच कुळातली. तुमच्याकडे लिंबू नसेल आणि काजू असेल तर खाली सांगितलेली बघायची पद्धत तिथं पण चालते, फक्त रेघेच्या जागी फोड शोधायचे.

अजून एक, पान वाकडं दिसलं की लगेच बोकड्या, व्हायरस असं म्हणू नका. मावा, सायला, फुलकिडे ह्यांनीसुद्धा कोवळं पान मुरडतं. पान उलटसुलट करून चंदेरी रेघ दिसते का ते बघा, रेघ असेल तर अळी, नसेल तर दुसरं कारण शोधा. आणि पान कडेनं कुरतडलेलं, तुकडाच गायब असेल तर ते लिंबावरच्या फुलपाखराच्या अळीचं काम, ती लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, तिचा ह्या विषयाशी संबंध नाही.

काय लागतं आणि कुठं बघायचं

सामान फारसं नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, स्टेशनरीच्या किंवा सायन्सचं सामान मिळतं त्या दुकानात मिळेल, नाहीतर मोबाईलला लावायची मॅक्रो लेन्स. एक छोटा टॉर्च, सुतळीचे किंवा रंगीत लोकरीचे तुकडे, वही, आणि जाड काचेच्या एक-दोन बरण्या. बस.

झाड निवडताना कुंडीतला कागदी लिंबू असला तरी उत्तम, शेतात बाग असेल तर लहान झाडं घ्या, कारण त्यांना सारखी नवती येत राहते. बेलावर आणि कुंतीच्या झाडावर पण हा किडा येतो, म्हणजे लिंबू नसलेल्या सोसायटीत कुंतीचं कुंपण असेल तर तिथं शोधायला हरकत नाही. सात-आठ फुटवे निवडून प्रत्येकाला वेगळ्या रंगाची लोकर सैल बांधा. हे आळस करून टाळू नका, कारण कोवळी पानं दोन दिवसांत एवढी बदलतात की परवाचं पान कोणतं हेच कळत नाही.

अंडी शोधायची तर पान बोटाच्या पेरापेक्षा लहान असतानाच शोधायची. मादी रात्री, संध्याकाळ उतरल्यावर, एकेक करून अंडी घालते, बहुतेक पानाच्या खालच्या बाजूला मधल्या शिरेच्या जवळपास. अंडं ०.३ मिमीच्या आसपास, पारदर्शक, चपटं, अगदी दवाचा बारीकसा थेंब चिकटल्यासारखं. सरळ बघितलं तर दिसत नाही, म्हणून पान तिरपं धरायचं आणि टॉर्चचा उजेड बाजूनं टाकायचा, मग ते चमकतं. सकाळी खरंच दव असेल तर थोडं थांबा, पाणी सुकून जातं, अंडं तिथंच राहतं. पहिल्या वेळेला कदाचित एकही सापडणार नाही, त्यात काही बिघडत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी रेघेची सुरुवात दिसली की त्या टोकाशी परत भिंग लावा, रिकामं अंड्याचं कवच तिथंच चिकटलेलं असतं, आणि एकदा ते बघितलं की पुढच्या नवतीत भरलेलं अंडं कसं शोधायचं ते नजरेला कळतं.

पानाच्या आत काय चालतं

अंडं उबून साधारण २ ते १० दिवसांत अळी बाहेर येते, आपल्याकडच्या उष्णतेत बहुधा ह्यातल्या कमी आकड्याच्या बाजूला. बाहेर म्हणायचं पण ती उघड्यावर येतच नाही, अंड्याच्या तळातून सरळ पानात शिरते. आणि इथं ह्या किड्याची खरी कमाल आहे. ती पानाचा हिरवा गर खात नाही. पानाच्या अगदी वरच्या पातळ थरातल्या पेशी ती पात्यासारख्या चपट्या जबड्यांनी कापते आणि त्यातला रस पिते. वरचा मेणचट पापुद्रा तसाच राहतो, त्याच्या खाली पोकळी होऊन हवा शिरते आणि म्हणून रेघ हिरवी किंवा तपकिरी न दिसता चांदीसारखी चमकते. रेघेच्या मधोमध एक बारीक गडद दोरा दिसतो ती तिची विष्ठा.

उजेडाच्या दिशेला पान धरून रेघेचं जाड टोक शोधा, अळी नेहमी तिथंच असते, कारण ती वाढत जाते तशी रेघ रुंद होत जाते. पिवळसर-हिरवट, चपटी, पाय नसलेली, पूर्ण वाढली तरी ३ मिमीच्या आसपास. दर सकाळी रेघेच्या टोकाशी पेनानं अगदी हलका ठिपका द्या, नाहीतर पानाचा फोटो काढा, दुसऱ्या दिवशी रेघ किती पुढे गेली ते कळतं. थंडीत आणि गरमीत ह्या वेगात जो फरक पडतो तो स्वतः मोजण्यात फार मजा आहे, पुस्तकातला आकडा वाचून तेवढं समजत नाही.

तिला पान बदलता येत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. ज्या पानात जन्मली त्याच पानात वाढणार, ते पान वाळलं किंवा तुटून पडलं तर ती पण संपली. एका पानावर साधारण एक-दोन रेघा असतात, पण नवती कमी आणि पतंग जास्त असले की चार-पाच पण दिसतात, तेव्हा पान पार चुरगळतं. कधीकधी हिरव्या फांदीच्या सालीवर आणि लहान फळाच्या सालीवर सुद्धा रेघ सापडते.

अळी चार अवस्थांतून जाते. पहिल्या तीन रस पिण्याच्या, चौथी काहीच खात नाही, तिचं काम फक्त रेशीम काढायचं. अळीचा हा सगळा काळ ५ ते २० दिवस. चौथ्या अवस्थेत ती पानाच्या कडेला येते, रेशमाचे धागे ताणून कड आपल्या अंगावर दुमडून घेते आणि त्या घडीत कोष करते. पानाच्या कडा गुंडाळलेल्या दिसतात त्यातला बराचसा भाग ह्या घडीचा. मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडते ती हीच पायरी, एवढ्या लहान जिवानं एवढं जाड पान दुमडायचं म्हणजे काय ताकद लागत असेल, आणि ते पान अजून कोवळं आहे तोवरच जमतं, उशीर झाला तर नाही. कोष पिवळसर-तपकिरी, ६ ते २२ दिवस. कोषाच्या डोक्याला एक अणकुचीदार काटा असतो, त्यानं तो घडी फोडतो, अर्धा बाहेर सरकतो आणि मग पतंग निघतो. म्हणून जुन्या घडीतून रिकामं तपकिरी कवच अर्धं बाहेर लटकताना दिसलं तर समजा इथून पतंग व्यवस्थित बाहेर पडलाय.

सगळं मिळून अंड्यापासून पतंगापर्यंत १३ ते ५२ दिवस. एवढी मोठी तफावत का, तर हवामान. गरम आणि दमट असेल तर दोन-तीन आठवड्यांत पिढी पूर्ण, थंडीत तेच रेंगाळतं. उबदार भागात वर्षाला दहाच्या आसपास पिढ्या सहज होतात. पतंग स्वतः थोडेच दिवस जगतो, पानाला काही करत नाही, पहाटे कोषातून निघतो, मीलन पहाटे नाहीतर संध्याकाळी, आणि एकेक मादी पन्नासच्या आसपास किंवा त्याहून जास्त अंडी घालते. मग एक-दोन पतंगांनी सुद्धा कुंडीतल्या झाडाची पूर्ण नवती कशी भरते ते कळतं.

बरणीत पतंग निघताना बघायचा असेल तर

अळी असलेलं पान तोडून बरणीत टाकू नका, पान वाळतं आणि अळी मरते. कडेला घडी झालेली, आत कोष असलेली पानं निवडा. शक्यतो चार-पाच पानांचा फुटवाच कापा, त्याचा दांडा पाण्यानं भरलेल्या लहान बाटलीत घाला आणि बाटलीच्या तोंडाला कापूस घट्ट लावा, नाहीतर निघालेला पतंग पाण्यात पडतो. ही बाटली बरणीत ठेवून वर मलमलचा तुकडा रबरबँडनं बांधा. झाकण लावलं तर आत वाफ धरते, बुरशी येते, म्हणून कापडच. बरणी खिडकीजवळ पण उन्हात नाही. रोज पहाटे, चहाच्या आधी, बघायचं. पतंग निघाला असेल तर तो वरच्या बाजूला काचेवर बसलेला दिसतो, डोकं जरा उचलून बसतो. जास्त हलवाल तर पंखांवरची खवलं झडतात आणि मग तो टोकाचा ठिपका नीट दिसत नाही, म्हणून फोटो आधी, बाकी सगळं नंतर.

बरणीतून पतंगाच्या ऐवजी १-२ मिमीच्या काळसर किंवा पिवळसर, धातूसारखी झाक असलेल्या बारीक गांधीलमाश्या निघाल्या तर अजिबात निराश होऊ नका, उलट ही फार चांगली बातमी आहे. त्या परोपजीवी गांधीलमाश्या, माणसाला चावत नाहीत, त्यांची पिल्लं ह्या अळीवर वाढतात. आपल्याकडची एक म्हणजे सिट्रोस्टिकस फायलोक्निस्टॉइडीस. दुसरी जगभर गाजलेली एजेनियास्पिस सिट्रिकोला, तिच्या एकाच अंड्यातून अनेक पिल्लं होतात, आणि ती फ्लोरिडात १९९४ मध्ये मुद्दाम नेऊन सोडली. झाडावरच बघायचं असेल तर रेघेच्या टोकाशी अळी हलत नाही, काळवंडलीय, शेजारी दुसरंच लहान पांढरट पिल्लू किंवा काळा कोष दिसतो का ते भिंगातून बघा. वहीत ह्याचा वेगळा रकाना ठेवा: जिवंत अळ्या किती, मेलेल्या किती, परोपजीवी असलेल्या किती. पावसाळ्याच्या शेवटी शेवटी हा तिसरा रकाना वाढत गेलेला दिसला तर तुमच्या झाडाची राखण आधीपासून कोणीतरी करतंय. मुंग्या, कोळी आणि क्रायसोपा नावाच्या मित्रकिडीच्या अळ्या पण ह्या अळीला खातात, पण त्यांनी खाल्लेली अळी मोजायला सापडत नाही, फक्त फाटलेली रिकामी रेघ उरते.

नवतीचं वेळापत्रक

आपल्याकडे संत्रा-मोसंबीला जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार, जून-जुलैत मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हस्त बहार, आणि बहाराबरोबर नवती येतेच. वरूड, मोर्शी, काटोलकडचा संत्रा असो की जालना, पैठणकडची मोसंबी, बागेला ताण देऊन, म्हणजे काही दिवस पाणी तोडून, मग पाणी सोडलं की सगळी झाडं एकदम फुटतात. हे एकदम फुटणं चांगलं असतं, कारण थोड्याच दिवसांत सगळी पानं टणक होतात आणि मग पतंगाला अंडी घालायला जागाच उरत नाही. खरा त्रास जिथं नवती थोडीथोडी, सारखी येत राहते तिथं होतो, म्हणजे रोपवाटिका, पहिल्या तीन-चार वर्षांची झाडं, आणि गच्चीवरच्या कुंड्या, जिथं आपण कौतुकानं दर पंधरा दिवसांनी खत घालतो आणि झाड बारा महिने कोवळं ठेवतो. शेंदुरजना घाटसारख्या ठिकाणी, जिथं संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिकाच रोपवाटिका आहेत, तिथं ह्या अळीला वर्षभर जेवण मिळतं. ऐन उन्हाळ्यात नवती थांबते, हवा कोरडी, तेव्हा संख्या खाली येते, आणि पावसाळा स्थिरावला की परत वर जाते.

म्हणून वहीत तारखेच्या शेजारी फक्त अळ्या लिहू नका, झाडाला त्या दिवशी नवती आहे का आणि पानं केवढी आहेत ते लिहा. वर्षभराची वही उघडून बघितली की अळ्यांचा चढउतार नवतीच्या मागोमाग कसा जातो ते तारखांवरूनच दिसतं.

कुठून कुठं पोचला, आणि आपली नोंद कशी करायची

ह्या पतंगाचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८५६ मध्ये स्टेंटन ह्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानं केलं, ते कलकत्त्याहून आलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे हा आपल्याच भागातला, आशियातला रहिवासी, इथल्या लिंबू-महाळुंगाच्या सोबतच वाढलेला. पुढं बराच काळ आशिया, ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेचा काही भाग एवढ्यात होता. मग १९९३ च्या मे महिन्यात फ्लोरिडात दक्षिणेला होमस्टेडजवळ सापडला आणि वर्षभरात राज्यभर पसरला, त्याच वर्षी स्पेनमध्ये पण दिसला, आणि थोड्याच वर्षांत भूमध्य समुद्राभोवतीचे बहुतेक सगळे लिंबूवर्गीय बागांचे देश त्यानं व्यापले. १९९४ मध्ये टेक्सास आणि मेक्सिको, १९९६ मध्ये ब्राझील, २००० मध्ये कॅलिफोर्निया. पतंग एवढासा, स्वतः उडून समुद्र पार करणारा नाही, कोवळ्या पानांसकट इकडून तिकडे नेलेली रोपं हाच त्याचा मोठा रस्ता. कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडात जी मराठी घरं आहेत आणि ज्यांनी अंगणात लिंबू लावलाय त्यांच्या पानांवरची रेघ हीच, तिथं पण हीच पद्धत वापरा.

नोंद करायला पतंग पकडलाच पाहिजे असं नाही, ह्या किड्यांच्या अभ्यासातली ही सगळ्यात सोयीची गोष्ट. झाड कोणतं आणि रेघ कशी, ह्या दोन गोष्टी मिळून बहुतेक वेळा जात ओळखता येते, किडा केव्हाच उडून गेला असला तरी. फोटो पाच काढा: झाड पूर्ण, फुटवा, पान वरून आणि खालून, आणि एक पान उजेडासमोर धरून, ज्यात रेघेतला गडद दोरा दिसेल. पानाशेजारी पट्टी किंवा एक रुपयाचं नाणं ठेवा. तारीख, गाव, तालुका, झाडाचं नाव लिहून आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल ह्या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका. आणि जिथं भरपूर शोधूनही सापडली नाही तिथली "नवती होती, रेघ नव्हती" अशी नोंद पण स्वतःच्या वहीत ठेवा, कारण कुठं नाही हे कळल्याशिवाय कुठं आहे त्याचा नकाशा अर्धाच राहतो.

संख्या तुलना करण्यासारखी हवी असेल तर प्रत्येक ठिकाणी झाडाच्या चारही बाजूंनी मिळून १० फुटवे घ्या, त्यांची कोवळी पानं मोजा, रेघ असलेली मोजा, शेकडा काढा. वाकडं पान दिसलं म्हणून तोच फुटवा निवडायचा नाही, डोळे बाजूला करून हात जाईल तो घ्यायचा, नाहीतर आकडा फुगतो.

पानं जपून ठेवा. रेघ असलेली दोन-तीन पानं जुन्या वर्तमानपत्रात घालून वर जाड पुस्तकं ठेवा, पहिले चार दिवस कागद रोज बदला, वाळली की जाड कागदावर चिकटवून खाली सगळी माहिती लिहा. ह्याचा उपयोग काय असं वाटेल, तर युरोपातल्या हॉर्स चेस्टनट झाडावरच्या कॅमेरारिया ओह्रिडेला नावाच्या पतंगाची गोष्ट ऐका. तो १९८० च्या दशकात मॅसेडोनियातल्या ओह्रिड तलावाजवळ लोकांच्या लक्षात आला, १९८६ मध्ये त्याला नाव मिळालं, आणि तिथून पुढं तो युरोपभर पसरला, २००२ मध्ये लंडनच्या विम्बल्डनला पोचला. तो मूळचा कुठला ह्यावर बरीच वर्षं वाद होता. उत्तर कुठं मिळालं तर वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाबून ठेवलेल्या जुन्या पानांत. ग्रीसमध्ये १८७९ साली गोळा केलेल्या पानांमध्ये त्याच्या अळ्या तशाच वाळून बसलेल्या होत्या, म्हणजे तो बाल्कनमधलाच. पानं दाबणाऱ्या माणसाच्या मनात तेव्हा पतंग नव्हताच, त्यानं झाड म्हणून ती जपली होती.

गंधसापळा, म्हणजे मादीच्या वासानं नर ओढून घेणारा सापळा, लावणार असाल तर एक सांगून ठेवतो. मादीच्या वासातला मुख्य घटक जपानमध्ये १९८० च्या दशकातच कळला होता, त्या एकट्यावर तिथले नर येतात, पण ब्राझील आणि कॅलिफोर्नियातल्या नरांसाठी दुसरा घटक मिसळावा लागतो. तेव्हा ल्युअर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, मागवताना तो कुठल्या भागासाठी तपासलाय ते विचारा, सापळा रिकामा म्हणजे बागेत पतंग नाही असं धरून चालू नका.

आता झाडाचं काय करायचं

मोठं, चार-पाच वर्षांच्या पुढचं, जमिनीतलं झाड असेल तर बहुतेक वेळा काहीही करू नका. खरंच सांगतोय. पानाचा हिरवा भाग शाबूत असतो, वाकडं झालेलं पान सुद्धा झाडासाठी अन्न बनवत राहतं, म्हणून दिसायला वाईट म्हणून ती पानं छाटून टाकणं झाडाचं नुकसानच, शिवाय छाटलं की परत नवती फुटते आणि पतंगाला नवीन जागा मिळते, आणि त्या पानांत वाढणाऱ्या गांधीलमाश्या पण कचऱ्यात जातात. काढायचेच असतील तर खोडावरून सरळ वर जाणारे पानसोट काढा, ते तसेही नको असतात आणि त्यांच्यावर सारखी कोवळी पानं असतात. पतंग जोरात असताना नत्राचा, म्हणजे युरियाचा डोस पुढं ढकला.

लहान झाडं, रोपं आणि कुंड्या ह्यांना मात्र जपावं लागतं, त्यांची वाढ खरंच खुंटते. फवारायचं तर नवती अर्ध्या पेराएवढी झाली की, रेघ दिसायच्या आधी. रेघ दिसली म्हणजे अळी पापुद्र्याखाली शिरलेली आहे, वरवर लागणारं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. निंबोळी अर्क ५ टक्के मी आधी सुचवेन: ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांचा चुरा ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायचा, वेगळ्या १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा, सकाळी अर्क कापडातून पिळून गाळायचा, साबणाचं पाणी मिसळायचं आणि एकूण १०० लिटर करायचं. गच्चीवर ५० ग्रॅम चुरा आणि २ ग्रॅम साबण, एकूण १ लिटर, ह्या हिशोबात करा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, पानाच्या खालून पण नीट भिजेल असा मारायचा आणि नवती वाढत असेपर्यंत आठवड्यानं परत. बागायती खनिज तेलाचा पातळ फवारा पण मादीला अंडी घालण्यापासून परावृत्त करतो, ऑस्ट्रेलिया आणि चीनमध्ये तो बराच वापरलाय, फक्त कडक उन्हात मारला तर पानं भाजतात.

रासायनिक, आंतरप्रवाही (झाडाच्या आत भिनणारं) औषध लागलंच तर त्या डब्याच्या लेबलवर लिंबूवर्गीय पीक आणि ही कीड लिहिलेली आहे का ते वाचा आणि मात्रा तिथलीच घ्या. शंका असेल तर नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था किंवा आपल्या भागाचं कृषी विद्यापीठ, अकोला, परभणी, राहुरी, जे जवळ असेल तिथं विचारा. फुलोरा चालू असताना मारू नका, मधमाश्या मरतात. आणि एकच औषध दर नवतीला मारत बसलात तर अळीच्या आधी गांधीलमाश्या जातात आणि पुढच्या नवतीत रेघा जास्त दिसतात.

कागदी लिंबाला एक वेगळी काळजी आहे ती खैऱ्याची. खैऱ्या हा जिवाणूचा रोग, पतंग तो उचलून नेत नाही, पण अळीनं पापुद्रा फाडला की पावसाच्या शिंतोड्यांबरोबर जिवाणू सरळ त्या जखमेत शिरतात आणि रेघेच्या वाटेनं तपकिरी खरबरीत फोड उठत जातात. ज्या झाडावर खैऱ्या आहे तिथं वरचा "काही करू नका" हा नियम लागू नाही, पावसाळ्यातली प्रत्येक नवती सांभाळावी लागते, आणि फोड असलेल्या फांद्या पाऊस नसताना, कोरड्या दिवशी कापून जाळून टाकायच्या. बरणीसाठी पानं घेताना सुद्धा खैऱ्याच्या झाडाची घेऊ नका, आणि घेतलीच तर कात्री स्पिरिटनं पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.